एका टॅबवर चार मुलं बसू द्या

महोदय,

शाळांना टॅब वाटल्याचे फोटो आपल्या अंकात अधूनमधून येतात. पाहुणे, पुष्पगुच्छ, मुलांच्या हातात एकेक खोकं. पुढे त्या टॅबचं काय झालं, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. मी संगमेश्वर तालुक्यातल्या सातवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पट कमी, त्यामुळे सहावी-सातवी एकाच खोलीत. सामग्री म्हणाल तर मुंबईकर मंडळाने गणपतीत भेट दिलेला टीव्ही, दोन टॅब आणि माझा फोन. माझ्या मते टॅबची संख्या एवढी असली तरी पुरते.

विद्युत परिपथ शिकवताना मी कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, वापरते. फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. आमच्याकडे रेंज फक्त सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, म्हणून हे विशेष. पडद्यावर बॅटरी, तारा, दिवा जोडायचा. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की जाळ होतो. मुलांना अर्थातच आधी जाळच करायचा असतो. करू द्यावा. नियम एकच: ज्याच्या हातात टॅब, त्याने बोलायचं नाही. बाकीच्यांनी ठरवायचं आणि काय होईल ते आधी वहीत लिहायचं. मग 'बाई, ह्यो दिवा पेटणारच नाय' असा वाद रंगतो. प्रत्येकाला एकेक टॅब दिला असता तर प्रत्येकाने आपापला जाळ बघितला असता आणि वर्ग चिडीचूप झाला असता. भेटीला येणाऱ्यांना तीच शिस्त वाटते!

गेल्या पावसाळ्यात याहून मोठं काम झालं. प्रशिक्षणात ओळख झालेल्या दोन शिक्षकांना हाताशी धरून आम्ही तीन शाळांचा एक सामाईक तक्ता गुगल शीटवर केला. एक शाळा आमची, दुसरी घाटमाथ्यावर कोयनेच्या बाजूला, तिसरी घाटापलीकडे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. बाटली कापून पर्जन्यमापक बनवायचे आणि रोज सकाळचा आकडा भरायचा. आमचा आकडा वहीतून माझ्या फोनवर आणि सड्यावर गेले की तक्त्यात. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, माणात 500 च्या आसपास. सरळ रेषेत अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. डोंगरापलीकडे पाऊस कमी पडतो ती 'पर्जन्यछाया', हे पुस्तकात वाचून मुलं मान डोलावतात. इथे आपल्या रकान्यात तीन आकडी संख्या आणि शेजारी ओळीने शून्य दिसल्यावर एकजण म्हणाला, 'ते मोजीतच नसतील.' तिकडून निरोप आला: 'तुम्हीच खोटं लिहिता. बाटलीचा फोटो पाठवा.'

फोटो पाठवला. त्यात माणच्या एका मुलीने बरोबर दाखवलं, की आमची बाटली पडवीच्या पागोळ्यांखाली आहे. पोरं खजील झाली, बाटली उघड्यावर नेली, जुने आकडे खोडून टाकले. आकडे तरीही पुष्कळ मोठेच राहिले, पण आता त्यांवर तिकडच्यांचाही विश्वास बसला. माझ्या सांगण्याने मुलांनी एवढ्या तत्परतेने बाटली हलवली असती असं मला वाटत नाही.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड, 2017 पासूनचं 'दीक्षा' हे सरकारी ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ, हे सगळं चांगलंच आहे. क्यूआर कोडचा वापर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या छोट्या जि. प. शाळेतून पुढे आला, याचा आम्हाला अभिमान आहे. पण कोड उघडायला फोन लागतो, आणि वाडीतले फोन सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जातात. शिवाय पावसात आमच्याकडे दोन-दोन दिवस वीज नसते. आलीच तर तिचं बिल लोकवर्गणीतून किंवा आमच्या खिशातून. माहिती मात्र वरून एवढीच मागवली जाते: उपकरणांची संख्या किती, शाळा डिजिटल आहे की नाही. मुलं त्यावर काय करतात, याला रकाना नाही.

टॅब आणखी देऊ नका असं म्हणत नाही. दर चार मुलांमागे एक द्या, त्यात नेटशिवाय चालणारं साहित्य भरून द्या आणि वीजबिलाची तरतूद दरवर्षी वेळेवर करा. आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. पुढच्या वाटप समारंभात मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन एवढंच विचारावं: बिल कोण भरतं, आणि नेट बंद केल्यावर यातलं काय काय चालतं?

– एक शिक्षिका, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी