मकरंदला, कोन सेटबद्दल

वर्तकनगर, ठाणे
रविवार रात्र

प्रिय मकरंद,

तू फोनवर सांगितलंस ते माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी हळू चालवताना आपोआप डावी-उजवीकडे झुलते, पन्हाळ्याच्या वळणावर आधी अडते आणि मग एकदम आत घुसते. तुझा मेकॅनिक टायर बदला म्हणतोय. टायरवर पैसे घालू नकोस. आधी कोन सेट बघ, म्हणजे दुचाकीचं हँडल ज्यावर फिरतं ते फ्रेमच्या नळीतलं बेअरिंग: वर-खाली वाट्या आणि त्यांत छर्रे. ईशा मागे बसते ना शाळेला जाताना, म्हणून फोनवर अर्धवट न सांगता सगळं सविस्तर लिहितोय.

माझ्या गाडीची लक्षणं अगदी हीच होती. कापूरबावडी ते कासारवडवली रोजचं जाणं-येणं, मेट्रोचं काम, सर्व्हिस रोडचे खड्डे, पावसाळ्यात तर विचारूच नकोस. प्रत्येक खड्ड्याचा दणका शॉकअपमधून वर येतो तो थेट कोन सेटच्या छर्‍यांवर. आणि आपण बहुतेक वेळ सरळच जातो, त्यामुळे छर्रे वाटीत त्याच त्या जागी आपटत राहतात. तिथलं ग्रीस बाजूला सरतं, वॉशिंगवाल्याच्या प्रेशरचं पाणी आत शिरतं आणि वाटी झिजायला लागते.

जुनी खालची वाटी धुऊन उजेडात धरली तेव्हा मी बघतच राहिलो. सारख्या अंतरावर एकेक छर्‍याचा लांबट खळगा, कडेला तांबूस भुकटी. नख फिरवलं की प्रत्येक खळग्यात अडकत होतं. हँडल सरळ असताना सगळे छर्रे एकाच वेळी या खळग्यांत जाऊन बसतात. दुचाकी तोल सांभाळते ती हँडलच्या बारीक बारीक हालचालींवर. ती हालचालच अडली की गाडी झुलणारच.

तपासणं सोपं आहे. मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली जॅक दे, पुढचं चाक अधांतरी कर. हँडल अगदी सावकाश फिरव. मध्यावर 'टक्' करून बसलं तर कोन सेट गेला. मग शॉकअप खालून धरून पुढे-मागे हलव आणि दुसर्‍या कोणाला तरी फ्रेम आणि टीच्या (शॉकअपचे दोन पाय धरणार्‍या आडव्या तुकड्याच्या) सांध्यावर बोट ठेवायला सांग. खटखट बोटाला लागली तर ती तिथलीच आहे, शॉकअपच्या बुशची नाही.

कोणी म्हणेल, नुसता आवळून देतो. अजिबात नको. खळगे पडलेली वाटी आवळली की खटखट थांबते, पण हँडल मध्यावर आणखी घट्ट बसतं, म्हणजे धोका वाढतो. वाट्या आणि छर्रे दोन्ही नवीन, पूर्ण सेट घाल. तुझ्या मॉडेलला टेपर रोलरचा सेट मिळत असेल तर तोच घे. त्यात भार एकेका टिंबावर न येता रोलरच्या पूर्ण लांबीवर पसरतो.

उघडणं म्हणजे चाक, शॉकअप, हँडल, वरची टी, मग चकतीनट (कोन सेट आवळणारा खाचांचा गोल नट). डिस्क ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधून ठेव, ब्रेकच्या होजवर (नळीवर) लोंबकळू देऊ नकोस, आणि चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नकोस. नट सुटताना खालची टी हाताने धरून ठेव आणि खाली जुनी चादर पसर, छर्रे सांडतातच. वर किती, खाली किती ते मोजून लिहून ठेव.

वाट्या काढायला लांब सळई लागते. मी वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडून टोक सपाट करून आणली. आतून वाटीच्या कडेला टेकवायची आणि आलटून पालटून समोरासमोर ठोकायचं. एकाच बाजूला ठोकत बसलास तर वाटी तिरकी होऊन अडकते आणि फ्रेमची जागा खराब होते. नवीन वाट्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, किंचित आकसतात. बसवताना जुनी वाटी वर पालथी ठेवून तिच्यावर ठोक, नवीला घाव लागत नाही. आवाजाकडे कान दे: बसेपर्यंत बोदा येतो, तळाला टेकली की एकदम टणक होतो. तिथे थांब.

ग्रीस भरपूर, चांगल्या प्रतीचं. खरं कसब पुढे आहे. चकतीनट सी-पान्याने (त्याच्या खाचांत अडकणारा आकड्यासारखा पाना) आवळ, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगलं फिरव म्हणजे छर्रे जागा धरतील. मग नट सैल कर आणि पुन्हा आवळ, फक्त खेळ, म्हणजे सैलपणा, जाईपर्यंतच. वरच्या टीवरचा मोठा नट घट्ट केला की कोन सेट थोडा आणखी दाबला जातो, म्हणून त्यानंतर पुन्हा तपास. टीमध्ये शॉकअप धरणारे वरचे बोल्ट तोपर्यंत सैलच असू देत. अधांतरी चाकाला बोटाने जरासं ढकललं की हँडल आपल्या वजनाने शेवटपर्यंत गेलं पाहिजे, दोन्हीकडे, मध्ये कुठेही न थबकता. थबकलं तर आधी क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरी ताणल्या आहेत का ते बघ.

माझं हँडल तसं गेलं, तेव्हा फार बरं वाटलं रे. दुसर्‍या दिवशी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी पायी चालण्याच्या वेगाने घेतली, पाय खाली टेकवावा लागला नाही.

पाचेकशे किलोमीटरनंतर वाट्या अजून थोड्या बसतात, तेव्हा खेळ पुन्हा एकदा तपास. सी-पाना आणि सळई उद्या कुरिअरने पाठवतोय, तुझ्याकडेच राहू दे. सुरू करण्याआधी फोन कर, आणि तोवर ईशाला रिक्षाने सोड.

वहिनींना आणि काकांना नमस्कार.

तुझा,
अभय