नियंत्रण कक्षातल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव कळलं नाही, म्हणून हे पत्र त्या रात्रीच्या आवाजाला. शेताकडच्या वाटेवर माणूस जखमी होऊन पडला होता आणि आमच्या एका पोरानं ११२ ला फोन लावला होता, ती रात्र.

११२ चा फोन आधी नवी मुंबईच्या किंवा आपल्या नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, मग जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे येतो. त्यानंतर तुम्ही स्वतः उलट फोन लावलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "खापा की खापरखेडा?" दोन्ही सावनेर तालुक्यातली, दोन्हीकडे वेगळं ठाणं, आणि घाबरलेला माणूस अर्धा शब्द गिळतो. तिथं चूक झाली तर गाडी भलत्याच ठाण्यातून सुटते.

पडद्यावर ठिकाण आपोआप येतं असं लोक समजतात. येतं, पण गावाबाहेर टॉवर विरळ, त्यामुळे किलोमीटरभरही हुकतं. अन् शेताकडच्या वाटेला कसला आलाय पत्ता! पोरगं नुसतं "मोठ्या झाडापाशी, मोठ्या झाडापाशी" करत होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाळा, किलोमीटरचा दगड आहे का जवळ? त्याचा माथा कोणत्या रंगाचा?" पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्याचा, केशरी म्हणजे गावाकडचा रस्ता. दगड चिखलानं माखलेला. त्यानं शर्टाच्या बाहीनं पुसला तर केशरी निघाला. मग त्यावरचं गावाचं नाव, मग आकडा. तेवढ्यावर तुम्ही जागा पक्की केलीत, आणि एकाला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करायला लावलंत, कारण रात्री गाडी चुकते ती फाट्यालाच.

एवढं झाल्यावर फोन ठेवला असतात तरी कोणी बोल लावला नसता. तुम्ही म्हणालात, "गाडीचा दिवा दिसला की सांग, मग ठेवते." जखमी माणसापाशी एकट्या बसलेल्या पोराला या एका वाक्यानं धरून ठेवलं.

त्याआधी एका ठिकाणी थेट फोन लावला होता, तिथून "आमची हद्द नाही" एवढं ऐकवून कट केला गेला. हद्द वायरलेसवरच्या दोन वाक्यांत ठरते हो, ती जखमी माणसाला कशाला विचारायची? रात्रपाळीत तोच खाकी गणवेश घालून तुमच्यासारखं "बाळा" म्हणणारंही कोणी बसलेलं असतं, हे गावात आता सगळ्यांना सांगून झालंय.

तो दगड पोरांनी धुऊन काढलाय. आकडा पुसट झालाय, तेवढा पोळ्याआधी रंगवून घेऊ.

तुमचे,
फाट्यापलीकडचे गावकरी