शिक्षणमंत्री साहेब, शाळेतले जुने काँप्युटर भंगारात काढू नका

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यात काँप्युटर रिपेरिंगचं काम करतो, आजूबाजूच्या खेड्यांतल्या झेडपी शाळांच्या मशीन माझ्याकडंच येतात. सध्या गुरुजी लोक एकच विचारून राहिले, की विंडोज १० बंद झालं म्हणे, मंग हे काँप्युटर निर्लेखनात, म्हणजे रजिस्टरमधून कमी करून भंगारात, टाकायचे का? साहेब, टाकू नका म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. म्हणून मशीन बंद पडत नाही, पण सिक्युरिटीचे अपडेट थांबतात आणि शाळेची माहिती ज्या काँप्युटरवरून भरतात तो असा उघडा ठेवणं बरोबर नाही. आता विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर त्याले टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते, सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टिम अस्सल आहे का तपासणारी सोय) लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असला तर साधारण आठव्या जनरेशनचा, म्हणजे २०१७ नंतरचा. आमच्या शाळांत दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचे आय-थ्री आहेत, काही ठिकाणी त्याच्याही आधीचे. रॅम ४ जीबी, तेवढी तर विंडोज ११ पण मागते, म्हणजे रॅममध्ये पास अन् प्रोसेसरमध्ये नापास. जुगाड करून टाकता येते, पोट्टे टाकतातही, पण अशा मशीनले अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, सरकारी शाळेत तसं करणं मले पटत नाही.

याच मशीनवर लिनक्स चालते साहेब, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टिम. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान डिस्क) लावली अन् लिनक्सचा हलका डेस्कटॉप टाकला की ब्राउझर, लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं), मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग सगळं चालते, पोर्टलची कामं ब्राउझरमधून होतात, लायसनचा पैसा लागत नाही. एवढ्या जुन्या मशीनचे साउंड, लॅन, ग्राफिक्सचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात, सीडी शोधत बसावं लागत नाही. हे काही नवीन नाही, केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून लिनक्स आहे, तिथली काईट संस्था शाळांसाठी उबुंटू या लिनक्सवरून वेगळी सिस्टिमच तयार करून देते. अन् आपल्याच देशाच्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्रानं बॉस लिनक्स बनवलं, तेही आपल्याच शाळांत दिसत नाही याचं मले खरंच वाईट वाटते.

अडचण नाही असं म्हणत नाही. काही जुन्या लेझर प्रिंटरचे लिनक्सचे ड्रायव्हर इतके कच्चे आहेत की एक पान निघते अन् दुसरं अडकते, काही स्वस्त वायफाय डोंगल ओळखतच नाही, अन् सगळ्यात वाईट म्हणजे ज्या लॅबमध्ये एका सीपीयूवर चार-पाच स्क्रीन शेअरिंगच्या डब्यानं जोडल्या आहेत तिथं त्या डब्याचं सॉफ्टवेअर विंडोजच्या ठरावीक व्हर्जनवरच चालते, सिस्टिम बदलली की डब्बे मेले, पोरं एकाच स्क्रीनभोवती उभे. यात लिनक्सची चूक नाही अन् पोरांचीही नाही. जो घेतला तो डब्बा उद्या दुसऱ्या सिस्टिमवर चालंल का हे खरेदीच्या वेळी विचारलंच नाही. टेंडरमध्ये रॅम किती, हार्ड डिस्क किती, वॉरंटी किती सगळं लिहिलेलं असते, ड्रायव्हरबद्दल एक ओळ नसते.

म्हणून दोन गोष्टी करा साहेब. निर्लेखनाच्या आधी प्रत्येक मशीन पेनड्राईव्हवरून लिनक्स लाईव्ह चालवून तपासा, त्यात काही इन्स्टॉल करावं लागत नाही, साउंड-नेट-प्रिंटर चालते का हे तिथंच दिसते, अन् जे चाललं त्याले एसएसडीचा खर्च शाळेच्या अनुदानातून करायची परवानगी द्या. दुसरं, इथून पुढं शाळेसाठी काँप्युटर, प्रिंटर, स्मार्ट बोर्ड काहीही घ्याल तर ते विंडोजसोबत लिनक्सवरही चालून दाखवलं पाहिजे अन् ड्रायव्हर नेटवर मोफत ठेवले पाहिजे, ही अट टेंडरमध्येच टाका. बिल पास व्हायच्या आधी चालवून पाहा, नंतर पुरवठादार फोन उचलत नाही.

आमच्या तालुक्यातली कोणतीही शाळा तुमच्या अधिकाऱ्यांनी निवडावी, मी पेनड्राईव्ह घेऊन येतो, पैसे नको.

आपला,
एक काँप्युटर मेकॅनिक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ