चादर आम्ही देऊ, तुम्ही फक्त ती उचलून नेऊ नका

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या सामानाच्या जप्तीबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मी एसटी स्टँडसमोरच्या औषधांच्या दुकानात रात्रपाळी करतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की एखाद्या मुकादमाला कारणे दाखवा नोटीस जाईल, त्याची बदली होईल आणि फाइल बंद. जे आमच्याकडे घडतं ते एका मुकादमाच्या डोक्यातून आलेलं नाही.

शेवटची गाडी गेली की स्टँडच्या या बाजूला झोपणाऱ्यांची सोय कोण बघतं, ते आधी सांगतो. चहावाला पातेल्यातला उरलेला चहा दोघातिघांना देतो आणि वर "उद्या दे पैसे" म्हणतो. फुकट म्हटलं तर काही जण घेत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. बँकेचा वॉचमन पायऱ्यांवर झोपू देतो, पहाटे झाडूवाली यायच्या आत उठवतो. शौचालयावरचा पोरगा रात्री बायकांकडून पैसे घेत नाही. हिशेबात ते कसं बसवतो, मी विचारलेलं नाही. पानटपरीवर मोबाइल चार्ज होतात. आमच्या काउंटरखाली मी ड्रेसिंगचं थोडं सामान ठेवतो, कारण अनवाणी पायांना काच लागते ती बहुतेक रात्रीच. थंडीत बाहेरची मंडळी मोटारीतून येऊन चादरी वाटतात, फोटो काढतात. लोक त्या फोटोंना नावं ठेवतात. मी ठेवत नाही. फोटो काढला म्हणून चादरीची ऊब कमी होत नाही.

अडचण सकाळी सुरू होते. कुणाचा दौरा असतो, स्वच्छतेची मोहीम असते, किंवा नुसतीच वरून तंबी आलेली असते. कचऱ्याची गाडी येते. झोपणारे तोवर कामाला गेलेले असतात. हो, कामाला: हमाली, केटरिंगची भांडी, भंगार, बिगारी. त्यांची बोचकी जाळीला बांधलेली किंवा पायऱ्यांखाली सारलेली असतात. ती सगळी गाडीत पडतात आणि कचऱ्याबरोबर जातात. आदल्या आठवड्यात वाटलेली चादरही त्यातच.

बोचकं म्हणजे चिंध्या, असं गाडीवरच्या माणसाला वाटत असेल. एका मावशींनी गोळ्या दाखवायला त्यांचं बोचकं आमच्या काउंटरवर सोडलं होतं, म्हणून मला आत काय असतं ते माहीत आहे. वाकळ. स्टीलचा डबा, त्यात दोन पिशव्यांत गुंडाळलेली आधार कार्डाची झेरॉक्स. सरकारी दवाखान्याचा केसपेपर, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीनं जोडलेला. मुलीच्या लग्नातला फोटो. एक न वापरलेला चपलांचा जोड, कशासाठी राखून ठेवला होता कोण जाणे. आणि क्षयाच्या गोळ्यांचं पाकीट.

ऐन पावसाळ्यात ते बोचकं गेलं. मावशी रात्री माझ्याकडे आल्या. त्या गोळ्या मला चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि चिठ्ठी बोचक्यात होती. दुसऱ्या दिवशी चहावाल्यानं सकाळचा धंदा बुडवून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनी संगणकात नोंद शोधून पाकीट दिलं, म्हणून निभावलं. क्षयाचं औषध साधारण सहा महिने, न चुकता घ्यायचं असतं. मध्ये तुटलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग तो आजार तसाच पुढच्याला लागतो. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकार महिन्याला पैसे देतं, नोव्हेंबर 2024 पासून ते दुप्पट होऊन 1000 रुपये झाले. चांगलंच केलंत. पण सरकारच्या एका हातानं पोषणाचे पैसे द्यायचे आणि दुसऱ्यानं गोळ्या कचरा डेपोत टाकायच्या, याला काय म्हणावं?

आता कायद्याचं बोलतो. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे. फेरीवाल्याचा माल उचलला तर त्याला यादी द्यावी लागते. नाशवंत माल त्यानं मागितल्यावर त्याच दिवशी, बाकीचा कामाच्या दोन दिवसांत सोडावा लागतो. हे सगळीकडे पाळलं जातं असं नाही, पण निदान भांडायला कागद तरी आहे. म्हणजे जप्त केलेल्या कांद्याबटाट्याची यादी होते, आणि मावशींच्या केसपेपरची होत नाही. पदपथावरून लोकांना हटवायला परवानगी देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयानंही 1985 मध्ये मुंबईच्या खटल्यात पावसाळा उलटेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं होतं. आमच्याकडची गाडी पाऊस बघत नाही.

निवाऱ्यात जावं, असं तुमचे अधिकारी सांगतील. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, बारा महिने चोवीस तास उघडा निवारा असावा असं बजावलं. आहेत तेवढे निवारे भरा, कमी आहेत तिथे बांधा, त्याबद्दल वाद नाही. पण पहाटे चारला मार्केटात पाठीवर पोती घ्यायची असतील तर माणूस मार्केटाजवळच झोपणार. नवराबायकोला वेगळं झोपावं लागणार असेल तर ती दोघं पायऱ्याच पसंत करणार. शिवाय सरकारी गाडी म्हटली की भीतीच वाटते, कारण आपल्याकडे 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून आहे. पोटापाण्याचं दिसेल असं साधन नसताना भटकणाराही त्याच्या व्याख्येत बसतो, आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत डांबता येतं. दिल्लीत उच्च न्यायालयानं 2018 मध्ये त्यातली मुख्य कलमं तिथल्यापुरती मोडीत काढली. हा मोठा विषय आहे, एका पत्रात सुटणारा नाही. म्हणून आज तुमच्याकडे फार थोडं मागतो.

एक परिपत्रक काढा. बोचकं उचलायचं तर फेरीवाल्याच्या मालासारखी त्याची यादी व्हावी, पावती जागेवर चिकटवावी, सामान वॉर्ड ऑफिसच्या एखाद्या खोलीत निदान महिनाभर ठेवावं, आणि परत देताना आधार कार्ड मागू नये, कारण ते आतच असतं. कागद आणि औषधं कचऱ्यात जाता कामा नयेत. स्टँड, मार्केट, सरकारी रुग्णालय यांच्याजवळ कुलपाचे साधे कप्पे करता आले तर गाडीला उचलायला काही उरणारच नाही. खर्च एखाद्या स्वागतकमानीपेक्षा जास्त येईल असं वाटत नाही.

आणखी एक. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, तेव्हा राज्यात दोन लाखांहून जास्त निघाले. 2027 च्या मोजणीला तुमची माणसं येतील तेव्हा चहावाल्याला आणि वॉचमनला सोबत घ्यायला सांगा. कोण कुठल्या आडोशाला झोपतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

परिपत्रक निघालं तर त्याची प्रत आमच्या दुकानाच्या काचेवर बाहेरच्या बाजूनं लावीन. गाडी तिथूनच वळते.

आपला,
रात्रपाळीचा एक फार्मासिस्ट