ओले भंगार भट्टीत जाऊ देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की नालेसफाईचे आकडे, मोडकळीस आलेल्या इमारतींच्या याद्या, दरडीखालच्या वस्त्यांना दिलेल्या नोटिसा हे सगळे दैनिकांत छापून येते, आणि ते यायलाच हवे. पण धारावी, कुर्ला, साकीनाका, गोवंडी या पट्ट्यातल्या धातू वितळवणाऱ्या छोट्या भट्ट्यांबद्दल त्यात एक ओळही नसते. या भट्ट्यांना लागणारे भंगार गल्लीत, गाळ्याबाहेर, फाटक्या ताडपत्रीखाली पडलेले असते. जूनमध्ये ते भिजते आणि भिजलेलेच मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात जाते. त्यातून काय होते, ते का होते आणि कसे टाळता येते, हे भट्टीवर काम करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या कानी पडावे म्हणून हे पत्र.

ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना त्याचा रस, म्हणजे वितळलेला धातू, साधारण 700 ते 750 अंशांवर असतो. एक लहान चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर पाणी 700 अंशांपर्यंत तापले की त्याची सुमारे 22 लिटर वाफ होते. साध्या पेलाभर पाण्याची जवळजवळ 880 लिटर. ही वाफ पापणी लवायच्या आत तयार होते. वर मोकळी हवा असेल तर ती निघून जाते. पण पाणी रसाच्या खाली अडकले असेल, तर वाफ वरचा सगळा रस घेऊनच बाहेर येते. ओतकामातल्या बहुतेक भीषण अपघातांचे मूळ या एका गोष्टीत आहे: पाणी धातूच्या वर आहे की खाली.

तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच आटत नाही, गोटीसारखा इकडून तिकडे पळत राहतो. थेंबाखाली वाफेचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो थेंबाला तव्यापासून अलग ठेवतो. जर्मन वैद्य योहान लायडनफ्रॉस्ट यांनी 1756 मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. गळक्या पत्र्यातून रसावर पडलेला थेंब बहुतेक वेळा असाच नाचून संपतो. ते चार वेळा पाहिलेल्या कामगाराला वाटू लागते की पाण्याने काही होत नाही. मग तोच कामगार ओला झारा रसात बुडवतो, किंवा आत पाणी असलेला तुकडा वरून टाकून लोखंडी सळईने खाली दाबतो. हे दाबणेच सगळ्यात घातक.

पाणी खाली गेल्यावर वाफेचा तो पापुद्रा काही क्षण टिकतो. एखादा हिसका बसला, किंवा भांड्याचा तळ गंजका असला, की तो फुटतो. पाणी धातूला थेट भिडते, त्या धक्क्याने रसाचे बारीक बारीक कण होतात, पाण्याला भिडणारा पृष्ठभाग एकदम कित्येक पटींनी वाढतो आणि पुढचा पापुद्रा फुटतो. ही साखळी सेकंदाच्या हजाराव्या भागात पुरी होते. अमेरिकेतील अल्कोआ कंपनीने 1950 च्या दशकात पाण्याच्या टाक्यांत वितळलेले ॲल्युमिनियम ओतून याच्या चाचण्या केल्या. टाकीचा तळ उघड्या, गंजलेल्या पोलादाचा किंवा चुना लावलेला असला की स्फोट होत, आणि तळाला डांबरयुक्त इपॉक्सीचा लेप दिला की ते टळत, असे त्यांत दिसले.

इंग्लंडमधील स्कन्थॉर्प येथील पोलाद कारखान्यात 4 नोव्हेंबर 1975 च्या स्फोटात 11 कामगारांचा जीव गेला. झोतभट्टीजवळच्या (लोखंड वितळवायच्या उंच भट्टीजवळच्या) गळक्या नळातून पाणी वितळलेल्या लोखंडाने भरलेल्या टॉर्पिडो वाघिणीत, म्हणजे रुळांवरून रस वाहून नेणाऱ्या लांबट डब्यात, उतरत होते. पाणी लोखंडाच्या वर होते तोवर वाफेखेरीज काही झाले नाही. इंजिन जोडून वाघीण हलवली, रस हिंदकळला, पाणी त्याच्या खाली गेले आणि स्फोट झाला. चीनमधील शांतुंग प्रांतात ऑगस्ट 2007 मध्ये वितळलेले ॲल्युमिनियम सांडून थंड करण्याच्या पाण्यात गेले, तिथे 16 जण मृत्युमुखी पडले. कारखाने मोठे होते म्हणून जगाला कळले. दहा बाय पंधराच्या गाळ्यातली 40 किलोची मूस फुटली तर त्याची बातमी एका परिच्छेदाची होते, पण आतल्या चौघांसाठी ती काही लहान गोष्ट नसते.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. झवेरी बाजारात वितळलेली चांदी पाण्यात ओतून दाणे पाडतात, मग तिथे स्फोट का होत नाही? कारण ओतणारा बारीक धार धरतो, एका वेळी माल थोडा असतो, पाणी खोल असते आणि ते ढवळत ठेवलेले असते. धारेचे थेंब होतात आणि तळाला टेकण्याआधी ते गोठतात. पाण्याला थेंबांमधून सुटायला जागा असते. पण धार जाड झाली, पाणी उथळ असले किंवा मूस एकदम उलटली, तर द्रव धातू तळाशी साचतो आणि पाणी त्याच्याखाली कोंडले जाते. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत वितळलेले ॲल्युमिनियम मजेखातर पाण्याच्या बादलीत ओततात. ज्यात काही झाले नाही त्याच चित्रफिती आपल्यापर्यंत येतात. मुलांना हे आवर्जून सांगावे.

ॲल्युमिनियमचा आणखी एक गुण घातक आहे. रसाचे अगदी बारीक कण झाले की तो पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा करतो. 1 किलो ॲल्युमिनियमपासून सव्वा घनमीटरच्या आसपास हायड्रोजन आणि सुमारे 15 मेगाज्यूल उष्णता निघते. तेवढ्याच वजनाच्या टीएनटी या स्फोटकातून निघणाऱ्या उष्णतेच्या तिपटीहून ती जास्त आहे. छोट्या भट्टीत गोष्ट सहसा इथवर जात नाही, तिथे वाफेचाच तडाखा असतो. मात्र भंगारात खताच्या पोत्यातले नायट्रेट किंवा गंजाचा चुरा आला, तर पाण्याशिवायही रस उसळू शकतो.

आता पाणी लपते कुठे ते पाहू. ॲल्युमिनियमचे जुने पातेले हातात घ्या. त्याची कड बाहेर वळवून गुंडाळलेली असते आणि त्या गुंडाळीत एक पोकळ नळी तयार होते. पातेले उन्हात दोन दिवस पडले, हाताला खडखडीत लागले, तरी त्या नळीत पाणी राहते. कड ठोकून उघडल्याशिवाय ते कळत नाही. दुचाकीच्या इंजिनाचे ब्लॉक, गाडीचे रेडिएटर, दोन्ही टोके चेपलेले खिडकीचे सेक्शन, पेयांच्या डब्यांचे दाबलेले गठ्ठे, सगळ्यांत हाच प्रकार. गठ्ठा तर स्पंजासारखा असतो. डिओडरंटचे न फोडलेले डबे पाण्याशिवायच फुटतात, ते वेगळे काढावेत. आणि जिच्यावर कोणी संशय घेत नाही ती म्हणजे बाहेर ठेवलेली जाड लगड, म्हणजे ओतून गोठवलेली धातूची वीट: गोठताना तिच्या मध्यभागी पोकळी आणि भेगा राहतात, पावसाचे पाणी त्यांत मुरते आणि वरून काही दिसत नाही.

म्हणून पोकळ वस्तू आधी कापायच्या, नळ्यांची दोन्ही तोंडे उघडायची, गठ्ठे सोडायचे. नंतर सगळा माल धुराड्याच्या उष्णतेवर ठेवलेल्या लोखंडी ट्रेमध्ये सुकवायचा. पातळ पत्र्याला 200 अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास पुरतो. इंजिनाच्या ब्लॉकला किंवा जाड लगडीला काही तास द्यावे लागतात, कारण गाभा तापायला वेळ लागतो. थंड धातूवर बर्नरची ज्योत धरली तर सुरुवातीला त्याला घाम फुटल्यासारखे पाणी येते. हे ज्वलनातूनच तयार झालेले पाणी आहे, त्यामुळे दोन मिनिटे ज्योत फिरवली म्हणजे माल सुकला असे समजू नये. सुकवायची सोय नसेल तर निदान क्रम पाळावा: भंगार रिकाम्या मुशीत आधी भरावे आणि मग आच वाढवावी, म्हणजे रस होण्याआधी पाणी उडून जाते. एकदा रस झाला की त्यात न सुकवलेला एक तुकडाही पडता कामा नये.

झारा, पळी, सांडशी, ढवळायची सळई यांचेही तेच. गंज ओलावा धरून ठेवतो. प्रत्येक अवजार रसात घालण्यापूर्वी भट्टीच्या तोंडाशी चांगले तापवून घ्यावे. लोखंडी साच्याला लावलेला ग्राफाइटचा किंवा खडूचा लेप हाताला सुका लागला तरी साचा 150 अंशांच्या पुढे तापवल्याशिवाय ओतू नये. वाळूच्या साच्यात मुळातच थोडा ओलावा असतो आणि तरी काम होते, कारण वाफ वाळूच्या कणांमधून निघून जाते. लोखंडी साच्यात तिला वाट नसते. वाळूही जास्त भिजली किंवा फार घट्ट ठोकली, तर तीही उसळते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला जसे पाणी सुटते तसेच रसावरची मळी (घाण) काढायला टाकतात त्या क्षारांनाही सुटते. ती पाकिटे हवाबंद डब्यात ठेवावीत आणि वापरण्याआधी तापवावीत. ग्राफाइटची मूससुद्धा ओलावा पिते. ती सुक्या फळीवर ठेवावी, हळूहळू 200 अंशांच्या वर नेऊन मगच पूर्ण आच द्यावी, नाहीतर तिला चीर जाते. कच्चा माल ओला असेल तर रसात हायड्रोजन विरघळतो आणि ओतलेल्या वस्तूत सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. मालकांनी निदान एवढ्यासाठी तरी सुकवण्याच्या ट्रेचा खर्च वाचवू नये.

जमिनीचेही पाहावे. काँक्रीटमध्ये पाणी असते. त्यावर रस सांडला की काँक्रीटच फुटून उडते. ओतायच्या जागी दोन-तीन इंच सुक्या वाळूचा थर हवा. पायाखाली किंवा हाताला ओले गोणपाट गुंडाळायची सवय थंडावा देते, पण त्या गोणपाटावर रसाचा थेंब पडला तर वाफ चेहऱ्याकडेच उडते.

विजेच्या कॉइलने धातू तापवणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांचा धोका वेगळ्या जागी आहे. तिथे तांब्याच्या कॉइलमधून पाणी फिरत असते आणि त्या पाण्यात व रसात फक्त भट्टीच्या आतल्या उष्णतारोधक अस्तराची जाडी असते. अस्तर झिजले की रस कॉइलला भिडतो. हे आधी सांगणारा अर्थ लीकेजचा, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागल्याचा अलार्म वारंवार वाजतो म्हणून बंद करून ठेवतात. तो वाजतो तेव्हा भट्टी बंद करून अस्तर मोजावे. भट्टीखालचा खड्डा सगळा रस मावेल एवढा असतो तो याच वेळेसाठी. पावसाळ्यात त्यात झिरपून पाणी साचते, आणि पाणी साचलेला खड्डा मुळीच खड्डा नसण्यापेक्षा वाईट. तो रोज पाहावा.

मिठी नदीच्या आसपास आणि कुर्ला, शीव, धारावीच्या सखल भागांत जमिनीत पुरलेल्या भट्ट्या आहेत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा नको, भरतीच्या वेळी तासभर जोराचा पाऊस झाला तरी गल्लीतले पाणी उंबऱ्यापर्यंत येते. पाणी गल्लीत चढू लागले की बर्नर बंद करावा, मुशीतला रस सुक्या, तापवलेल्या साच्यांत ओतून मूस रिकामी करावी. पाणी आत शिरलेच असेल तर रस वाचवायला कोणी थांबू नये, सगळ्यांनी बाहेर पडावे आणि शेजारचे गाळेही रिकामे करावेत.

रस सांडला तर त्यावर पाणी मारू नये. सुक्या वाळूने कडेने बांध घालावा आणि तो गोठू द्यावा. वरून काळा पडलेला गोळा आत कितीतरी वेळ द्रव असतो. अग्निशमन दलाला 101 वर फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगावे: वितळलेला धातू आहे, कोणता आहे, अंदाजे किती किलो आहे. माणूस भाजला असेल तर मात्र पाणीच हवे: भाजलेल्या जागेवर 20 मिनिटे नळाचे साधे पाणी वाहू द्यावे, चिकटलेला धातू किंवा कापड ओढू नये, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये, 108 ला बोलवावे. पॉलिएस्टरचे कपडे वितळून कातडीला चिकटतात, म्हणून सुती कपडे, डोळे आणि चेहरा झाकणारी संरक्षक काच, आणि चामड्याचे बूट घालावेत. पँट बुटांच्या वरून यावी, बुटात खोचलेली नको. रबरी चपलेत ओतकाम करू देणे मालकाने पूर्ण बंद करावे.

यातल्या बहुतेक गाळ्यांत कामगार इतके कमी असतात की कारखाना कायद्याची तपासणी तिथवर पोचत नाही. तरी परवाने आणि जागा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयांना माहीत असतात. प्रभाग कार्यालय, अग्निशमन दल आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय यांनी मिळून दरवर्षी 31 मेच्या आत प्रत्येक भट्टीवर चार गोष्टी तपासाव्यात: भंगारावर छप्पर आहे का, सुकवण्याचा ट्रे आहे का, भट्टीवरचा पत्रा गळतो का, आणि खड्डा कोरडा आहे का. भट्ट्यांची यादी जवळच्या अग्निशमन केंद्रात भिंतीवर लावावी, म्हणजे रात्री दोन वाजता निघालेल्या बंबावरच्या जवानाला होजपाइप उघडण्याआधी कळेल की समोर काय तापले आहे.

आपला,
ओतकाम क्षेत्रातील एक वाचक,
कुर्ला (पश्चिम), मुंबई