वकीलताई, उशिरा का होईना पण लिहितेय

ताई, नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीये. बीडकडच्या बायका ओळखतील बरोबर.

पहिल्या दिवशी मी पदराच्या गाठीत भावाकडून उसने आणलेले पंधराशे घेऊन आलते, तुम्ही म्हणल्या ठेव आत. बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो आणि त्याला उत्पन्नाचा दाखला पण लागत नाही हे मला कुठं माहीत, मी येडी तहसीलला चार चकरा मारून दाखला काढून बसले होते.

सासरा म्हणायचा घर माझ्या नावावर, तू कोण. अख्ख्या गावाला ते पटलेलं, खरं सांगते मला पण. तुम्ही 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा काढून सांगितलं, नाव कुणाचं का असंना, नांदत्या घरातून बाईला असं उचलून बाहेर काढता येत नाही. समोरच्या वकिलानं सुप्रीम कोर्टाचा 2006 चा निकाल काढला, की नवऱ्याचं नसलेल्या घरात सुनेचा हक्क नाही, तर तुम्ही 2020 चा पुढं ठेवला, की तो जुना आता चालत नाही. मला त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं पण सासऱ्याचं तोंड कळत होतं!

अर्ज मराठीत वाचून दाखवलात ते तर लई लक्षात राहिलं. टायपिंगवाल्यानं "रोज मारहाण" लिहिलतं, मी म्हणलं रोज नाही, नवरा पिऊन आला की. तुम्ही लगेच खोडलं, म्हणल्या जेवढं झालं तेवढंच. उलटतपासणीत त्याच्यामुळंच मी कुठं अडकले नाही.

कायद्यात साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं आहे म्हणे, माझ्या दोन दिवाळ्या गेल्या. तारखेला सकाळी सातची एसटी, लेकरू कडेवर, पुकारा व्हायला चार वाजायचे आणि गावाकडची शेवटची गाडी निघून जायची, मग कुणाच्या तरी ओसरीवर रात्र काढा. तुम्ही अर्ज दिला की खेड्यातून येणाऱ्या बायकांचे पुकारे जेवणाच्या सुट्टीआधी घ्या, आणि एकदा देऊन गप बसल्या नाहीत, मागं लागल्या. आता बऱ्याच जणी दुपारच्या गाडीनं घरी जातात, त्यांना तुमचं नाव पण माहीत नाही.

मी त्याच घरात राहते, माझी चूल वेगळी, दाराला आतून कडी आहे.

सोमवारी आमच्या शेजारच्या गावची एक जण येईल तुमच्याकडं. दाखला काढत बसू नको म्हणून सांगितलंय तिला.