आठ मतांसाठी उभे राहिलेले मास्तर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात ब्राझीलची बातमी आली की ती एक तर फुटबॉलची असते नाहीतर लुला आणि बोल्सोनारोंची. मी दोन्ही वाचते, तक्रार नाही, पण त्या देशाच्या संसदेत एक इतिहासाचे मास्तर कितीतरी वर्षं बसतायत आणि त्यांच्याबद्दल मराठीत चार ओळीसुद्धा मला कुठे सापडल्या नाहीत म्हणून शेवटी स्वतःच लिहायला बसले. मी पण हायस्कूलला इतिहास शिकवते, वीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे आपुलकी जरा जास्त आहे.

त्यांचं नाव शिको आलेंकार. जन्म 1949 चा, रिओ द जानेरोचे. मला हे नाव कळलं जानेवारी 2004 मध्ये. वर्ल्ड सोशल फोरम, म्हणजे जगभरच्या चळवळींचा मेळावा, ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रेतून पहिल्यांदा बाहेर पडून मुंबईत आला होता, गोरेगावच्या नेस्को मैदानावर. मी तेव्हा बी.एड. करत होते, आम्ही तिघी मैत्रिणी लोकलने गेलो. नुसती धूळ आणि ढोल. चहाच्या रांगेत एक ब्राझीलच्या बाई भेटल्या, मोडक्या इंग्रजीत सांगत होत्या की महिन्यापूर्वीच राष्ट्राध्यक्ष लुलांच्या पक्षाने स्वतःच्या चार खासदारांना काढून टाकलं, का तर सरकारी नोकरांच्या पेन्शनला कात्री लावणाऱ्या विधेयकाला त्यांनी विरोध केला. आणि काही जण तटस्थ राहिले म्हणून त्यांनाही शिक्षा झाली. त्या तटस्थ राहिलेल्यांमधलं एक नाव त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं, खाली लिहिलं ‘प्रोफेसर’. ती वही अजून आहे माझ्याकडे.

हे गृहस्थ वस्ती-मोहल्ल्यातल्या रहिवासी संघटनांमधून वर आलेले. लष्करी राजवट अजून चालू होती तेव्हाच दोघा सहकाऱ्यांबरोबर शाळेच्या मुलांसाठी ब्राझीलच्या समाजाचा इतिहास लिहिला. 1989 पासून रिओचे नगरसेवक, मग राज्याच्या विधानसभेत, 2003 ला संसदेत. 2005 मध्ये लाचेच्या प्रकरणात पक्ष पुरता अडकला तेव्हा त्यांनी लुलांचा पक्ष सोडला आणि पीसोल नावाच्या नव्या छोट्या डाव्या पक्षात गेले. सत्तेतला पक्ष सोडून जायचं आणि तेही मूठभर लोकांच्या पक्षात, हे किती जणांना जमतं सांगा.

आता मला जे मुद्दाम सांगायचंय ते. 2013 ला ते लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले, मतं पडली 11. जिंकणाऱ्याला 271. दोन वर्षांनी परत उभे राहिले, यावेळी 8! आणि जिंकले एदुआर्दो कुन्या, 267 मतांनी. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला मॅडम मग उभं कशाला राहायचं. मी फळ्यावर पुढचं लिहिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच छोट्या पक्षाने आणखी एका पक्षाबरोबर कुन्यांविरुद्ध आचारसमितीकडे तक्रार नेली, कारण परदेशात आपलं खातं नाही असं ते चौकशी समितीसमोर सांगून बसले होते आणि स्वित्झर्लंडमधली खाती बाहेर आली. प्रकरण महिनोन्‌महिने लांबवलं गेलं. शेवटी 12 सप्टेंबर 2016 ला कुन्यांची खासदारकी गेली, 450 विरुद्ध 10. मुलं एकदम गप्प झाली, मग मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली.

मधल्या काळात लुलांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्यावर महाभियोग आला. आलेंकारांचा पक्ष दिल्मांच्या सरकारात नव्हता, उलट टीकाच करायचा. तरी 17 एप्रिल 2016 ला अध्यक्षाच्या खुर्चीवर तेच कुन्या, एकेक खासदार माईकपाशी येऊन देवाचं नाव घे, पोराबाळांचं नाव घे करत ‘हो’ म्हणतोय, तेव्हा खासदार असलेल्या बोल्सोनारोंनी तर हुकूमशाहीतल्या छळ करणाऱ्या कर्नलच्या नावाने मत दिलं, आणि त्या गोंधळात आलेंकारांनी ‘नाही’ म्हटलं. त्यांची बाजू 367 विरुद्ध 137 ने हरली. विरोधक असूनही जे चूक वाटतं त्याला चूक म्हणायचं, मला हे फार मोठं वाटतं.

2010 चं एक राहिलंच. तिकडे अख्खं राज्य म्हणजे एकच मतदारसंघ, पक्षाची सगळी मतं एकत्र मोजून जागा मिळतात. यांना रिओत 2 लाख 40 हजाराच्या आसपास मतं पडली आणि त्या जोरावर पक्षाचे झां विलिस जेमतेम 13 हजार मतांवर निवडून आले, समलैंगिकांच्या हक्कांसाठी संसदेत उघडपणे लढणारे खासदार.

मग 2018. मार्चमध्ये त्यांच्याच पक्षाच्या नगरसेविका मारिएली फ्रांको यांना आणि ड्रायव्हर अँडरसन गोमेस यांना गाडीत गोळ्या घालून मारलं. त्याच वर्षी आलेंकार सिनेटला, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाला, उभे राहिले आणि हरले, रिओच्या दोनपैकी एक जागा बोल्सोनारोंच्या मुलाने घेतली. सोळा वर्षं खासदार राहिलेला, सत्तरीला टेकलेला माणूस, घरी बसला असता तर कोणी काही बोललं नसतं. ते 2020 ला परत नगरसेवकपदाला उभे राहिले! एकाहत्तराव्या वर्षी निवडून आले आणि मारिएली ज्या सभागृहात बसायच्या तिथे जाऊन बसले. 2023 पासून पुन्हा संसदेत. एप्रिल 2024 मध्ये मारिएलीच्या खुनाचा कट केल्याचा आरोप असलेल्या एका खासदाराला अटकेतच ठेवायचं का यावर मतदान झालं, 277 विरुद्ध 129, अटक कायम.

संपादक साहेब, ऑक्टोबर 2026 ला ब्राझीलमध्ये निवडणूक आहे. राष्ट्राध्यक्ष कोण झालं हे तुम्ही पहिल्या पानावर छापालच, पण रिओ राज्यातून 46 खासदार निवडले जातात, ती यादी कुठेतरी आतल्या पानावर तरी द्या, आमच्या शाळेच्या लायब्ररीत तुमचा पेपर येतो, मी कापून फलकावर लावीन.

आपली,
एक इतिहास शिक्षिका, मिरज